पांझरेचे फड

सह्याद्रीच्या माथ्यावर आषाढ-श्रावणात जो पाऊस अहोरात्र कोसळतो, त्याचा फारच थोडा अंश डोंगराची शीव ओलांडून खानदेशात उतरतो. आणि जो उतरतो तोही मृगापासून हस्तापर्यंतच्या चार महिन्यांतल्या मोजक्या दिवसांत पडून मोकळा होतो. धुळ्याच्या आसपास वर्षाकाठी साधारण 500 ते 600 मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा. एका वर्षी आर्द्रात नद्या दुथडी भरून वाहाव्यात आणि दुसऱ्या वर्षी पोळा उलटला तरी वाळू कोरडी असावी, ही या मुलखाची जुनी रीत आहे. पण पिंपळनेरच्या पश्चिमेकडील डोंगरांत उगम पावून साक्री, धुळे अशी पूर्वेकडे वाहणारी व पुढे उत्तरेस वळून मुडावदजवळ तापीला मिळणारी पांझरा, बागलाणातून मालेगावकडे येऊन गिरणेत विसर्जित होणारी मोसम आणि सटाण्यावरून गिरणेकडेच जाणारी आरम, या नद्या जेथे पाऊस अधिक तेथून जेथे पाऊस कमी तेथे पाणी वाहून आणतात, व पावसाळा सरल्यानंतरही डोंगरात मुरलेले पाणी काही महिने झिरपत त्यांच्या पात्रात येत राहते. आकाशाच्या कृपेवर ज्याचे पीक उभे राहत नाही, त्या शेतकऱ्याला पायथ्याशी वाहणारी ही ओल दिसत असूनही उचलता येत नव्हती. ती उचलण्यासाठी तीन-चारशे वर्षांपूर्वीपासून खानदेश-बागलाणातल्या गावांनी जी व्यवस्था उभी केली, तिला फड पद्धती म्हणतात. आणि महाराष्ट्राच्या ग्रामसंस्थेचा इतिहास लिहिताना बलुतेदारी, वतने व जातपंचायती यांनाच सारी पाने देऊन या व्यवस्थेला एखाद्या ओळीत उरकणे मला अन्यायाचे वाटते.

या व्यवस्थेचा आरंभ बंधाऱ्यापासून होतो. नदीच्या पात्रात जेथे कातळ उघडा पडला आहे व दोन्ही काठ भक्कम आहेत अशी जागा हेरून दगडचुन्याचा बुटका बांध आडवा घालावयाचा, पुराचे पाणी त्यावरून खुशाल वाहून जाऊ द्यावयाचे, आणि पूर ओसरल्यावर जे संथ पाणी उरते ते बांधाच्या बगलेतून पाटात वळवावयाचे. हा बंधारा पाणी साठवीत नाही, केवळ त्याची पातळी उंचावतो. म्हणून त्याच्या पोटी गावे बुडत नाहीत, आणि त्याच्या खालून व बाजूने झिरपलेले पाणी पुन्हा नदीत उतरून पुढच्या गावाच्या बंधाऱ्याला उपयोगी पडते. एकाच पांझरेवर अशी बंधाऱ्यांची मालिका नांदू शकली, त्याचे कारण हेच. पाट काठाच्या चढाने, उताराचा अंदाज घेत, कोठे दोन तर कोठे बारा किलोमीटरपर्यंत नेलेला असे. वरच्या अंगाला पाट आणि खालच्या अंगाला नदी, या दोहोंच्या मधली जमीन ती पाटस्थळ. पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग, सारंगांतून वाफ्यांत असे पाणी उतरत जाई. आणि जे अधिक होई ते सांडमांतून परत नदीत पडे. जमीन पाण्याने फुगून नापीक होण्याचे जे संकट पुढे मोठमोठ्या कालव्यांच्या लाभक्षेत्रांत उद्भवले, ते येथे फारसे का उद्भवले नाही, याचे उत्तर या साध्या मांडणीतच आहे.

परंतु दगडचुन्याचे काम हा या कथेचा निम्माच भाग होय. पाटस्थळाचे बहुधा चार मोठे विभाग पाडीत. प्रत्येक विभाग म्हणजे एक फड, आणि तो कोठे दहा हेक्टरांचा तर कोठे दोनशे हेक्टरांपर्यंतचा असे. जमीन ज्याची त्याच्या मालकीची. सातबाऱ्यावर नाव त्याचे, सारा भरणार तो, पीक घरी नेणार तो. मात्र त्या जमिनीत कोणते पीक घ्यावयाचे हे तो एकटा ठरवू शकत नसे. एका फडात ऊस ठरला म्हणजे त्या फडातल्या सर्वांनी ऊस लावावयाचा; दुसऱ्यात गहू-हरभऱ्यासारखे रब्बीचे पीक, तिसऱ्यात बाजरी-भुईमुगासारखे खरिपाचे, आणि चौथा पडीक किंवा पावसाच्या भरवशावर. पुढल्या साली ही पाळी फिरावयाची. उसाने थकलेल्या जमिनीला विसावा मिळे, आणि एका फडाला एकाच वेळी एकसारखे पाणी द्यावयाचे असल्यामुळे पाटाचे पाणी इकडून तिकडे धावण्यात वाया जात नसे. सामान्यतः प्रत्येक खातेदाराची थोडीथोडी जमीन चारही फडांत असे. त्यामुळे आज ज्याच्या वाट्याला उसाचे पाणी आले त्याच्याच दुसऱ्या तुकड्यावर कोरडी पाळी आलेली असे. आपला तुकडा सलग असावा ही शेतकऱ्याची स्वाभाविक इच्छा; विखुरलेल्या जमिनीला आपले अर्थशास्त्रज्ञ दोष देतात, आणि एरवी तो योग्यही असेल; पण येथे त्या विखुरलेपणातूनच समतेचा हिशेब जुळत होता.

या हिशेबाचे मर्म अवर्षणाच्या साली दिसे. खानदेशात शेतीचे साल आखाजीपासून, म्हणजे अक्षय तृतीयेपासून, धरतात. सालदार त्या दिवशी बदलतात, नवे करार त्या दिवसापासून चालू होतात. पुढच्या पावसाळ्याचा रंग आणि नदीची स्थिती पाहून गावचे पंच कोणते फड भिजवावयाचे, उसाला किती जागा द्यावयाची, याचा निर्णय करीत. पाणी तुटपुंजे आहे असे दिसले तर उसाचा फड आखडला जाई, आणि तो आखडताना अमुक एकाचे शेत वगळले असे होत नसे. तोट्याचा वाटा साऱ्यांच्या जमिनीवर सारख्या प्रमाणात बसे. टंचाई आल्यानंतर तिची वाटणी करू लागणे म्हणजे भांडणाला आमंत्रण देणे, हे या गावांनी फार पूर्वी ओळखले होते, आणि म्हणून पेरणीच्या आधीच, जेव्हा कोणाचेच पीक उभे नाही व कोणाचाच जीव त्यात अडकलेला नाही, अशा वेळी त्यांनी हा निर्णय उरकून ठेवला होता. निसर्गाच्या लहरीतून समाजाचा कायदा कसा जन्मतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

निर्णयाची अंमलबजावणी करणारी माणसे गावच नेमी. पाटकरी हा त्यांतला मुख्य कष्टकरी. पाणी देणे हे त्याचे काम. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतातही स्वतःच्या हाताने पाणी घ्यावयाचे नाही, असा दंडक होता. खांद्यावर फावडे टाकून, धोतर गुडघ्यांवर खोचून तो सारंगाच्या काठाने चाले. एका वाफ्याच्या तोंडावरची माती दोन फावड्यांत ओढून बाजूला सारी, पाणी वाफ्याच्या दूरच्या कडेला टेकले की तीच माती पुन्हा थापून तोंड बंद करी, आणि पुढच्या वाफ्याकडे वळे. रात्रीच्या पाळीला अंधारात डोळ्यांपेक्षा पावलांच्या ओलीवरूनच त्याला पाणी कोठवर आले ते कळे. शेत कोणाचे हे त्याने पाहावयाचे नसे. पाळी कोणाची एवढेच पाहावयाचे. त्याच्यावर देखरेखीला हवालदार, आणि उभ्या पिकाची गुराढोरांपासून व चोराचिलटापासून राखण करण्यास जागल्या. या सर्वांचा मोबदला बहुधा धान्याच्या वाट्याने मिळे. पावसाळ्याच्या गाळाने भरलेला पाट उपसण्याच्या वेळी मात्र चाकरांवर न विसंबता ज्याने त्याने आपल्या जमिनीच्या प्रमाणात माणसे धाडावयाची अशी वहिवाट होती.

राजवटी बदलत गेल्या. फारुकी सुलतानांची सत्ता 1601 मध्ये असीरगड पडल्यावर अकबराच्या पदरी गेली, पुढे मराठ्यांचा अंमल आला, आणि पेशवाईच्या अखेरच्या वर्षांत लुटालुटीने व 1803-04 च्या दुष्काळाने हा प्रांत इतका उजाड झाला, की 1818 मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आला तेव्हा पुष्कळ गावे ओस होती. अशा उलथापालथीत कित्येक बंधारे फुटले व तसेच पडून राहिले. पण जेथे वस्ती पुन्हा धरली तेथे पाट, पाळी आणि पाटकरी पुन्हा चालू झाले. 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेले तरुण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आरंभीच खानदेशात आले, आणि पांझरेच्या एका पाटासाठी नळाचा सायफन बांधण्याचे काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले. पुढे याच अभियंत्याने दख्खनच्या कालव्यांवर ठराविक तुकडे पाडून त्यांत पिके आलटून पालटून घेण्याची योजना पुरस्कारिली. हे साम्य मला योगायोगाचे वाटत नाही.

या व्यवस्थेला उतरती कळा लागली ती स्वातंत्र्यानंतरच्या काळात, आणि ती कोणा दुष्ट हेतूने लागली असे म्हणता येत नाही. पांझरेवर लाटीपाड्यास, मोसमवर हरणबारीस, आरमवर केळझरला धरणे झाली. नदीचे पाणी केव्हा व किती सोडावयाचे हे गावाच्या पंचांऐवजी खात्याच्या कचेरीत ठरू लागले. विहिरींवर विजेचे पंप बसले, तेव्हा ज्याच्या पदरी पैसा होता त्याला पाटाच्या पाळीची गरज उरली नाही; आणि ज्याला गरज उरली नाही तो गाळ उपसण्यास माणूस कशाला धाडील? नदीकाठच्या उपशाने बंधाऱ्याखालचा झिरपा आटला. वारसाहक्काने तुकडे आणखी लहान झाले, एका फडात एकच पीक हा नियम प्रथम सवलतीने आणि मग सर्रास मोडला गेला. काही गावांनी तो अजून धरून ठेवला आहे, पण पूर्वीच्या कडकपणाने नव्हे.

2005 मध्ये महाराष्ट्राने सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा अधिनियम केला. पाणी वापर संस्थेला घनमापनाने ठराविक कोटा द्यावयाचा, आपल्या पाण्याचा कारभार शेतकऱ्यांनी स्वतः पाहावयाचा, ही त्यातली तत्त्वे फडाच्या गावांना नवी वाटण्याचे कारण नाही. त्यात पीक निवडण्याचे स्वातंत्र्य मात्र प्रत्येकाला बहाल केले आहे. फडाच्या पंचांनी हेच स्वातंत्र्य दर साली पेरणीपूर्वी प्रत्येकाकडून थोडे काढून घेतले होते, आणि उसाचा फड किती आखडावयाचा हा प्रश्न ते त्यामुळेच सोडवू शकत होते. आज तो प्रश्न सुटावयाचा असेल तर तो पुन्हा साऱ्या खातेदारांसमोर, आखाजीच्याच सुमारास, मांडावा लागेल असे माझे मत आहे.