नोकरीसाठी बायोडाटा किती पानांचा असावा?

पातूर : अकोला-वाशीम मार्गावरील पातूर तालुक्यातील पदवीधर तरुण नोकरीच्या शोधास निघतो, तेव्हा पहिला प्रश्न उभा राहतो तो बायोडाटाचा. अर्ज अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीत द्यायचा असो वा पुण्याच्या कंपनीस ई-मेलने पाठवायचा असो, बहुधा तयार नमुन्यात नाव-गाव बदलून तीन-चार पाने भरली जातात. जितकी पाने अधिक तितके वजन अधिक, हा समज उमेदवाराच्या हिताचा नाही.

'रेझ्युमे' या मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थच 'सारांश' असा आहे. 'करिक्युलम व्हिटे' अर्थात सीव्ही हा लॅटिन शब्दप्रयोग असून त्यातून जीवनक्रम सूचित होतो. आपल्याकडे दोहोंना सरसकट बायोडाटा म्हटले जाते. लग्नाच्या स्थळासाठीही हाच शब्द रूढ असल्याने धर्म, जात, उंची, भावंडे, वडिलांचा व्यवसाय ही माहितीही नोकरीच्या अर्जात शिरते. खासगी नोकरीसाठी तिची गरज नसते.

एक पान की दोन?
नुकतेच शिक्षण पूर्ण केलेल्या वा दोन-चार वर्षांचा अनुभव असलेल्या उमेदवारास एक पान पुरेसे असते. दहा वर्षांच्या आसपास अनुभव असल्यास दोन पाने योग्य ठरतात. प्राध्यापक व संशोधक पदांसाठी मात्र शोधनिबंध, ग्रंथ, प्रकल्प यांची संपूर्ण यादी अपेक्षित असल्याने सीव्ही अनेक पानांचा होऊ शकतो.

शासकीय भरतीचा नियम वेगळा
महाराष्ट्र लोकसेवा आयोग किंवा तलाठी भरतीसाठी विहित नमुन्यातील ऑनलाईन अर्जच भरावा लागतो. तेथे बायोडाटाच्या पानांचा प्रश्न उद्भवत नाही. जात प्रवर्ग, आरक्षण व प्रमाणपत्रांची माहिती त्या अर्जात अचूक देणे आवश्यक असते.

काय ठेवावे, काय गाळावे?
सर्वांत वर नाव, भ्रमणध्वनी क्रमांक, ई-मेल व गाव द्यावे. त्यानंतर अनुभव व शिक्षण, अलीकडचे आधी या क्रमाने लिहावे. नवोदिताने शिक्षण प्रथम द्यावे. एमएस-सीआयटी, संगणक टंकलेखन, टॅली यांचा उल्लेख पदाशी संबंध असल्यास अवश्य करावा. 'हिशेबाचे काम केले' असे मोघम लिहिण्यापेक्षा 'डाळ मिलमध्ये दोन वर्षे टॅलीवर खरेदी-विक्रीच्या नोंदी ठेवल्या' असे लिहिल्यास कामाचे स्वरूप स्पष्ट होते. सुटीत दुकानात वा शेतमालाच्या खरेदी केंद्रावर केलेले काम हाही अनुभवच होय. तो लपवू नये आणि फुगवूही नये.

वाचन, संगीत अशा छंदांची यादी, 'वरील माहिती सत्य आहे' हे प्रतिज्ञापत्र, दहावी-बारावीच्या प्रत्येक विषयाचे गुण हे सारे गाळल्यास तिसरे पान आपोआप कमी होते. मात्र एका पानात बसविण्यासाठी अक्षरे बारीक करू नयेत. ११ किंवा १२ आकाराची अक्षरे सुवाच्य असतात.

सावधगिरी
आधार, पॅन वा बँक खात्याचा क्रमांक बायोडाटात कधीही देऊ नये. हा कागद अनेकांच्या हाती जातो व माहितीचा गैरवापर होऊ शकतो. नोकरी देण्यासाठी आगाऊ पैसे मागणाऱ्यांपासूनही सावध राहावे.

तयार बायोडाटा पीडीएफ स्वरूपात, स्वतःच्या नावाने जतन करून पाठवावा. तत्पूर्वी तो दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावा. भ्रमणध्वनी क्रमांकातील एक चुकीचा अंकही मुलाखतीची संधी हिरावून घेऊ शकतो.