चार स्क्रूंची कुळकथा

जुनी इलेक्ट्रिक बेस गिटार पालथी घातली, की दांडी आणि धड जिथे मिळतात तिथे धातूची एक छोटी चौकोनी पट्टी दिसते. तिच्या चार कोपऱ्यांत चार स्क्रू. ते सोडवले की दांडी सुटून हातात येते, पुन्हा आवळले की वाद्य होतं तसं. व्हायोलिनची मान सरसानं चिकटवलेली असते, ती काढणं हे मोठं जिकिरीचं काम. तंबोऱ्याची दांडी भोपळ्यापासून सोडवायची तर मुरलेला कारागीरही दोनदा विचार करतो. बेस गिटार मात्र उघडण्यासाठीच घडवल्यासारखी असते. नागपुरात, नंदनवनातल्या एखाद्या घराच्या सज्ज्यावर ऑर्केस्ट्राच्या दिवसांतली अशी गिटार पडून असेल, तारा गंजलेल्या, दांडी वाकलेली, बटण फिरवलं की खरखर, तर घरचे तिला भंगार समजतात. माझं म्हणणं असं, की या वाद्याचं कूळच दुरुस्तीचं आहे. ते रंगमंचावर किंवा कारखान्यात जन्मलं असं आपण धरून चालतो. पुरावा मात्र दुरुस्तीच्या टेबलाकडे बोट दाखवतो.

लिओ फेंडर हे मुळात हिशेबनीस. मंदीच्या काळात नोकरी गेली, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी १९३८ साली त्यांनी ‘फेंडर रेडिओ सर्व्हिस’ नावाचं दुकान काढलं. रेडिओ, ग्रामोफोन, ध्वनिक्षेपक, जे बिघडेल ते तिथे येई, आणि गावातले वादक आपले अँप्लिफायर घेऊन येत. फेंडर यांना गिटार वाजवता येत नव्हती, शेवटपर्यंत आली नाही. वाद्याशी त्यांची ओळख झाली ती बिघाडातून: कुठली तार सुटते, कुठला सांधा कुरकुरतो, वादक परत परत कशाची तक्रार घेऊन येतो. आपल्या संगीतात ज्याला खर्ज म्हणतात, आणि हा शब्द ‘षड्ज’ मधल्या ‘ष’ चा ‘ख’ होऊन आलेला आहे, तो पाश्चात्त्य वाद्यवृंदात डबल बेस सांभाळत असे. माणसापेक्षा उंच, मोटारीत न मावणारं, आणि विजेवरच्या गिटारींच्या गोंगाटात ऐकूच न येणारं वाद्य. त्यावर पडदे नसल्यानं सूर नेमका लावायला वर्षांची साधना लागे. १९५१ च्या अखेरीस फेंडर यांनी चार तारांची, पडदे असलेली, ३४ इंच तारेची भरीव लाकडी बेस बाजारात आणली आणि नाव दिलं प्रिसिजन. पडद्यांमुळे सूर नेमका पडतो, एवढाच त्या नावाचा अर्थ. लायनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदात माँक माँटगोमेरी ती घेऊन फिरले आणि हा नवा खर्ज लोकांच्या कानी पडला.

यावर जाणकार लगेच म्हणतील, की पहिली इलेक्ट्रिक बेस फेंडर यांची नव्हेच. सिएटलच्या पॉल टुटमार्क यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यातच ‘ऑडिओव्हॉक्स ७३६’ नावाची भरीव, पडद्यांची बेस केली होती. हे खरं आहे आणि त्यांचं श्रेय त्यांना मिळालंच पाहिजे. टुटमार्क वादक होते, शिक्षक होते. कल्पना त्यांना आधी सुचली. पण त्या वाद्याचं कूळ पुढे वाढलं नाही. कुळकथेत पहिला कोण एवढं विचारून भागत नाही. वंश कुणापासून चालला तेही पाहावं लागतं. आज नागपूरच्या दुकानात टांगलेली बेस, कोलकात्याच्या गिव्हसन-गिबटोन कारखान्यांतून आलेली असो की जपानहून, बहुतेक वेळा फेंडर यांचाच सांगाडा घेऊन येते. आयात वाद्यांवर जबर जकात होती त्या दशकांत इथल्या कारागिरांना नक्कल करायला तोच सांगाडा सोपा वाटला, कारण तो सुटा करून समजून घेता येत होता.

माझ्या म्हणण्याला सगळ्यात मजबूत पुरावा मात्र फेंडर यांच्या एका चुकीत आहे. १९५० साली ‘एस्क्वायर’ या नावाच्या त्यांच्या पहिल्या भरीव गिटारी आल्या, तेव्हा दांडीच्या पोटात लोखंडी सळई नव्हती. मेपलचं लाकूड मुळातच कडक, त्याला आधाराची गरज नाही, असा त्यांचा ठाम समज. विक्री सांभाळणारे डॉन रँडल सळईचा आग्रह धरत होते. त्या दांड्या तारांच्या ताणानं वाकल्या, गिटारी हमीखाली परत आल्या, आणि मग सळई बसली. सळईची युक्ती नवी नव्हती. गिब्सन कंपनीचे थॅडियस मॅकह्यू यांना तिचं पेटंट १९२३ सालीच मिळालेलं. पण फेंडर यांना ती पटली परत आलेल्या वाद्यांमुळे. वर्षभरानं बेस आली ती पोटात सळई घेऊनच, आणि बेसला तिची गरज जास्त, कारण चार जाड तारा मिळून दांडीवर सुमारे ८० किलोंचा ताण टाकतात. एक धडधाकट माणूस कायमचा लोंबकळत असावा, इतका.

आक्षेप असाही आहे, की चार स्क्रूंमागे दुरुस्तीचा विचार कसला, तो तर स्वस्त उत्पादनाचा मार्ग. दांडी वेगळ्या बाकावर, धड वेगळ्या बाकावर, शेवटी स्क्रूनं जोडणी. सरस वाळण्याची वाट पाहायला नको. हा आक्षेप निम्मा बरोबर आहे आणि मी तो निम्मा मान्य करते. आणखी एक गोष्ट माझ्या विरोधात जाते, तीही सांगायला हवी: फेंडर यांनी सळईचा नट दांडीच्या धडाकडच्या टोकाला ठेवला, त्यामुळे किरकोळ फेरफारासाठीही दांडी सैल करावी लागते. दुरुस्तीवाल्याच्या सोयीचं हे नव्हे. तरीही जे भाग झिजणार ते सुटे ठेवायचे, जे टिकणार ते साधे ठेवायचे आणि विजेचा सगळा भाग एका झाकणाखाली जमवायचा, ही रचना रेडिओची आहे. रेडिओचं मागचं झाकण काढून ज्यानं वर्षानुवर्षं डोकं आत घातलं, त्यालाच वाद्य असं सुचतं. स्वस्ताई आणि दुरुस्ती एकमेकींच्या आड येत नाहीत. गरीब देशांत तर त्या सख्ख्या बहिणी आहेत.

आणि ज्या गावात कारखानाच नव्हता तिथेही गोष्ट अशीच घडलेली दिसते. मिरजेचा तंबोरा आज देशभर जातो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. या धंद्याचे मूळ पुरुष फरीदसाहेब, आणि ते शिकलगार. तलवारी-भाल्यांना धार लावणं हा घरचा व्यवसाय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर संस्थानांची हत्यारं म्यानात गेली, धंदा बसला, आणि मिरजेचे संस्थानिक पटवर्धन यांच्या आश्रयानं तिथे येणाऱ्या गवयांची बिघडलेली वाद्यं या कुशल हातांकडे आली. दुरुस्त करता करता रचना कळली, रचना कळल्यावर नवं वाद्य घडलं, आणि घराण्याचं आडनाव पुढे सतारमेकर झालं. ‘शिकलगार’ हा शब्द ‘सैकल’ वरून आला. सैकल म्हणजे घासून चकाकी आणणं. तंबोऱ्याची जवारी काढताना कारागीर घोडीच्या पृष्ठावर कानशीनं जे करतो, केसभर घास, तार छेडून ऐक, पुन्हा केसभर घास, ते सैकलच आहे. हत्याराची धार आणि सुराची धार लावणारा हात एकच. कुणी म्हणेल, ही घराण्यात चालत आलेली कथा, तिला कागद कुठे आहे? कागद मी मागत नाही, कारण आडनाव आणि अवजार हे दोन साक्षीदार जिवंत आहेत. फुलर्टन आणि मिरज यांच्यात शंभर वर्षांचं आणि अर्ध्या पृथ्वीचं अंतर, एकमेकांची खबर नाही. तरी वाट एकच: आधी दुसऱ्याचं मोडलेलं वाद्य, मग आपलं नवं.

आता नंदनवनातल्या त्या सज्ज्याकडे येऊ, कारण हे कूळ नागपुरात कसाला लागतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे, हवा कोरडी ठक्क. त्याच घरात खसची ताटी लावलेला कूलर चालू, म्हणजे खोलीत दमट आणि सज्ज्यावर भट्टी. जूनच्या शेवटी पाऊस लागला की सगळंच उलट. लाकूड पाणी पितं आणि सोडतं. कोरड्यात दांडीची रुंदी आक्रसते, पण धातूचे पडदे आक्रसत नाहीत, म्हणून दांडीच्या कडेवरून बोट फिरवलं की पडद्यांची टोकं करवतीच्या दातांसारखी लागतात. यात वाद्याचा दोष नाही, हे ऋतूचं काम आहे. उन्हाळ्यात घाईनं ती टोकं कानशीनं उडवली तर पावसाळ्यात तिथे खड्डे जाणवतात. दांडीचा बाकही असाच बघायचा. पहिल्या पडद्यावर तार दाबायची, दांडी धडाला मिळते तिथेही दाबायची, आणि सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार नि पडदा यांच्यातली फट पाहायची. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याएवढी फट असली तर दांडी निरोगी. जास्त असली तर नट उजवीकडे, पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग वाद्य रात्रभर तसंच ठेवायचं. लाकडाला लोखंडाचं म्हणणं ऐकायला वेळ लागतो. एका बैठकीत दोन फेरे आवळणाऱ्यानं सळई तोडली तर दांडीच बदलावी लागते.

हे काम नागपुरात कोण करणार, या प्रश्नालाही कुळातच उत्तर आहे. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झालं आणि शहरात रेडिओ आले तसे रेडिओ मेकॅनिकही आले. बेसच्या पोटातलं बटण ज्यावर फिरतं तो पॉट आणि रेडिओच्या आवाजाचा पॉट ही एकाच जातीची वस्तू. आतल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ आणि गंज बसला की खरखर येते. साफ करणारा फवारा मारून बटण वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे फिरवलं की बहुतेकदा ती जाते. एरवी वायरचा सुटलेला सांधा, फुगलेला कपॅसिटर, मळलेला जॅक. गॅदरिंगचा आणि गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्राचा अँप्लिफायर ज्यानं दुरुस्त केला त्याला यात नवं काहीच नाही. तारांचं कंपन टिपणाऱ्या पिकअपची केसाहून बारीक तांब्याची तार तुटली असेल तर मात्र हजारो वेढे नव्यानं गुंडाळावे लागतात. तिथे सराईत माणूसच हवा.

जुन्या वाद्यांचे संग्राहक यावर नाराज होतील. त्यांचं म्हणणं, की जुन्या वाद्याला हात लावूच नये, मूळ रंग काढून नवा दिला की किंमत निम्म्यावर येते. रंगाबाबत मी त्यांच्याच बाजूची आहे, आणि पैशासाठी नव्हे. तो रंग म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर, आणि ‘लॅकर’ या शब्दाच्या मुळाशी आपली लाक्षा आहे. गोंदियाच्या जंगलात पळसावर बसणाऱ्या किड्याची लाख पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या तोंडी ‘लाक्रे’ झाली आणि युरोपभर फिरली. त्या रंगाला पडलेल्या भेगा, मनगट घासून उघडं पडलेलं लाकूड, ही वाजवल्याची नोंद आहे. ती पुसू नये. पण झिजलेले पडदे, मेलेला पॉट, अडकलेली खुंटी यांनाही तोच न्याय लावला तर वाद्य मुकं राहतं. तंबोऱ्याची जवारी दर काही वर्षांनी काढावी लागते, म्हणून तंबोरा बाटला असं मिरजेत कुणी म्हणत नाही. काढलेला मूळ भाग फेकू मात्र नये, कागदात गुंडाळून पेटीत ठेवावा. त्या काळच्या पॉटच्या पाठीवर आकडे छापलेले असतात: पहिले तीन कंपनीचे, पुढचे वर्षाचे आणि आठवड्याचे. १३७ ६६४२ असं दिसलं तर सीटीएस कंपनीनं तो १९६६ च्या ४२ व्या आठवड्यात बनवला. पॉट मूळचा असेल तर वाद्य त्याआधीचं नाही, एवढा दाखला त्यातून मिळतो.

दुसरा दाखला त्या चार स्क्रूंच्या आड आहे. १९५० च्या दशकात फेंडर कारखान्यात दांडीला आकार देणारे कारागीर तिच्या टाचेवर, म्हणजे धडात लपणाऱ्या टोकावर, पेन्सिलनं तारीख आणि आपली आद्याक्षरं लिहीत. टॅडिओ गोमेझ यांचं ‘टीजी’ आज संग्राहक भिंग घेऊन शोधतात. गिऱ्हाइकाला ते दिसावं असा हेतूच नव्हता. दांडी सोडवणाऱ्यालाच ते दिसणार. नंदनवनातली बेस कोलकात्याची असेल, तिच्या टाचेवर बहुधा काहीच लिहिलेलं नसेल. साफ केलेली दांडी परत बसवण्याआधी तिथे पेन्सिलनं महिना, वर्ष, ‘नागपूर’ आणि सळईला दिलेला पाव फेरा एवढं लिहावं, आणि मग चार स्क्रू आळीपाळीनं, समोरासमोरचे दोन-दोन करून आवळावेत.