दाभोळची उधारी

दाभोळ म्हटले की आपल्याला एन्रॉन आठवते, महागडी वीज आठवते. मला मात्र गुहागरची एक खानावळ आठवते. 2001च्या पावसाळ्यात तिथे गेलो, तर भर दुपारी बाके रिकामी. महिन्यापूर्वी बसायला जागा मिळत नसे, असे मालक म्हणाले.

740 मेगावॅटचा पहिला टप्पा मे 1999मध्ये सुरू झाला होता. मे 2001मध्ये राज्य वीज मंडळाने वीज घेणे थांबवले. पुरा होत आलेल्या दुसऱ्या टप्प्याचे काम जूनमध्ये बंद पडले. एन्रॉनचे दिवाळे डिसेंबरातले, म्हणजे नंतरचे. हा क्रम आपण विसरतो. वेल्डर, फिटर, हेल्पर ही माणसे कंत्राटदाराच्या हजेरीपटावरची. काम थांबले, हजेरी थांबली, माणसे गावी गेली.

जुलै 2005मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी उभी राहिली. बँका, जनरल इलेक्ट्रिक, बेक्टेल यांच्या येण्यादेण्याची तडजोड झाली. 2006मध्ये वीजनिर्मिती पुन्हा सुरू झाली. हजेरीपटावरच्यांना या तडजोडीत कोण बोलावणार?

त्यानंतर मी त्या खानावळीत पुन्हा गेलो. मालकांनी उधारीची जुनी वही काढली. पानावर पूर्ण नावे नव्हतीच. ‘उंच वेल्डर’, ‘क्रेनवाला’, ‘ओरिसाचे दोघे’, आणि पुढे आकडे. ती पाने त्यांनी फाडली नव्हती.