मागे उरलेल्यांना विचारताना

आत्महत्या झालेल्या घरी जाऊन विचारपूस करण्याच्या पद्धतीला नाव मिळाले ते मृत्यूच्या दाखल्यातल्या एका रकान्यापायी. लॉस एंजेलिसचे मुख्य कॉरोनर, म्हणजे मृत्यूची चौकशी करणारे अधिकारी, थिओडोर कर्फी यांना प्रत्येक मृत्यूपुढे नैसर्गिक, अपघात, आत्महत्या किंवा खून असा निवाडा लिहावा लागे. शवविच्छेदनातून पोटात आणि रक्तात काय होते ते कळे, मनात काय होते ते कळत नसे. मग त्यांनी १९५८मध्ये तिथे सुरू झालेल्या आत्महत्या प्रतिबंध केंद्राची मदत घेतली. एडविन श्नाइडमन, नॉर्मन फार्बेरो आणि रॉबर्ट लिटमन मृताच्या बायकोला, मित्रांना, डॉक्टरांना भेटू लागले. या कामाला श्नाइडमनने ‘सायकॉलॉजिकल ऑटॉप्सी’, म्हणजे मनाचे शवविच्छेदन, म्हटले. १९६२मध्ये मेरिलिन मन्रोच्या मृत्यूनंतर कर्फींनी केंद्रातल्या तज्ज्ञांनाच चौकशीला बसवले आणि ही पद्धत जगभर ठाऊक झाली.

श्नाइडमनची वाट मात्र आधीच सुरू झाली होती. १९४९मध्ये माजी सैनिकांच्या रुग्णालयात नोकरी करत असताना, आत्महत्या केलेल्या दोघा सैनिकांच्या विधवांना सांत्वनाची पत्रे लिहिण्याचे काम त्याच्याकडे आले. माहितीसाठी तो कॉरोनरच्या दफ्तरात गेला, तर तिथे शेकडो अखेरच्या चिठ्ठ्या पडून होत्या. त्या त्याने लगेच वाचल्या नाहीत. आधी तुलनेसाठी साध्या माणसांकडून तशा चिठ्ठ्या लिहवून घ्यायच्या, मग दोन्ही मिसळून तपासायच्या, असे त्याने ठरवले. एवढा संयम मला तरी साधला नसता.

तुलनेचा हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरला. सेंट लुईसमध्ये एली रॉबिन्सने १९५६–५७च्या एका वर्षातल्या सलग १३४ आत्महत्यांचा मागोवा घेतला. नातेवाइकांबरोबरच घरमालकिणी आणि दारूच्या गुत्त्यावरचे नोकरसुद्धा त्याच्या माणसांनी सोडले नाहीत. १९५९मध्ये निष्कर्ष छापून आले: ६९ टक्के जणांनी आधी कुणापाशी तरी तसे बोलून दाखवले होते. बोलणारा करत नाही, या समजाला हा मोठा धक्का होता. पण मृत्यूनंतर मागचे प्रत्येक बोलणे इशारा वाटू लागते, ही अडचण त्या आकड्याला चिकटलेलीच राहिली. घरची माणसे कारण शोधतच असतात. आपण विचारायला जातो तोवर त्यांच्या मनात एक गोष्ट जुळून तयार झालेली असते.

म्हणून दुसरा गट घ्यायचा. चेन्नईत लक्ष्मी विजयकुमार आणि राजकुमार यांनी १०० आत्महत्यांसमोर १०० तुलनेची माणसे ठेवली; तो अभ्यास १९९९मध्ये प्रसिद्ध झाला. चीनमधल्या मायकेल फिलिप्सच्या चमूने २००२मध्ये ५१९ आत्महत्यांशी अपघातासारख्या इजांनी झालेले ५३६ मृत्यू ताडून पाहिले. मला ही युक्ती सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण शोक दोन्ही घरांत असतो. दुसरी अडचण निदानाची. पाश्चात्त्य अभ्यासांत नव्वद टक्क्यांच्या आसपास मृतांना मानसिक आजार असल्याचे निघत असे. फिलिप्सला चीनमध्ये ६३ टक्केच आढळले. समोर नसलेल्या माणसाचे निदान दुसऱ्याच्या तोंडून करता येते का, हा सवाल नॉर्वेच्या हाइडी येल्मेलांड आणि सहकाऱ्यांनी २०१२मध्ये टाकला. तो मला अजून सुटलेला दिसत नाही.

मी मानसोपचार विभागात समाजसेविका होते आणि या मुलाखती विदर्भात केल्या. तेरवी झाल्यावर, पण वर्षश्राद्धाच्या बऱ्याच आधी जायचे, हे आम्ही पाळत असू. अभ्यासकही साधारण दोन ते सहा महिन्यांचा काळ बरा मानतात. ओसरीवर दीर किंवा सासरा बोलायचा आणि बाई आत असायची. तिला चुलीपाशी जाऊन भेटल्यावर तीच हकिकत वेगळी निघायची: पिणे, भांडण, बहिणीच्या लग्नाचे देणे, रात्ररात्र न लागणारी झोप. दोन्ही हकिकती खऱ्या असत. एकाच माणसाला विचारून उठायचे नाही, हा धडा मला पुस्तकाआधी त्या घरांनी दिला.

पण आमच्या आधी तिथे पोलीस पंचनामा करून आणि तलाठी सातबारा पाहून गेलेले असत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा शेतकरी आत्महत्यांवरचा अहवाल २००५मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, पुढच्या वर्षी इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या श्रीजित मिश्रांनी सरकारला अहवाल दिला. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घराला शासनाची एक लाखाची मदत मिळायची तर नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा कागदावर दिसावा लागे, नाहीतर प्रकरण ‘अपात्र’. जिच्या नावावर जमीन नाही अशी राबणारी बाई शेतकरी म्हणून मोजलीच जाईना. अशा घरी वही उघडून बसले की समोरचा आधी वहीकडे पाहायचा. आजार सांगितला तर पैसे बुडतील, ही भीती त्याला असे, आणि ती खोटी नव्हती. मी त्याला खोटारडा म्हणणार नाही. कर्फींचा रकाना इथे लाख रुपयांचा झाला होता.

ज्या उत्तरावर घराचे काही अवलंबून आहे, ते संशोधनाची सामग्री म्हणून जपूनच वापरावे, असे माझे मत आहे. संमतीपत्रावर अंगठा घेतल्याने हे बदलत नाही. कागद कुठे जाणार, कोण वाचणार आणि मदतीच्या प्रकरणाशी त्याचा संबंध नाही, हे तोंडाने आणि दोनदा सांगावे लागते. मुलाखतीनंतरही एक फेरी मारावी लागते, कारण आपण खपली काढलेली असते.

तुमच्या दारी असे कोणी आले तर बेलाशक विचारा की हे कशासाठी आणि नंतर कोण येणार. उत्तर मिळाले नाही तर चहा पाजून परत पाठवा. आणि विचारायला जाणाऱ्यांनो, उठताना टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक घरातल्या भिंतीवर लिहून या. तो दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येते.