घरगुती संगणकाचा बिघाड, बदल आणि मराठी दस्तऐवज : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

इतिहासाचा अभ्यास साधनांवर अवलंबून असतो. कागद, ताम्रपट, शिलालेख यांच्या जतनाविषयी आपल्याकडे पुष्कळ लेखन झाले आहे. परंतु अभ्यासकाच्या घरातील संगणकात साठलेल्या साधनांचे, संगणक बंद पडल्यावर काय होते, याचा विचार क्वचितच केला जातो. 2013 च्या पावसाळ्यात एम. फिल. चा प्रबंध लिहीत असताना प्रस्तुत लेखकाच्या घरातील संगणक बंद पडला. त्यात 1972 च्या दुष्काळाविषयी वृद्ध शेतकरी व मजुरांच्या घेतलेल्या मुलाखती होत्या. त्या अनुभवाच्या आधारे घरगुती संगणकाची दुरुस्ती, त्याचा बदल आणि त्यातील मराठी मजकुराचे जतन यांचा ऐतिहासिक आढावा घेणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

घरगुती संगणकाचे आगमन आणि दुरुस्तीची पद्धत :

1984 साली केंद्र सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले. 1995 च्या 15 ऑगस्टला देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली. 1997 साली भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सहभागी झाला व पुढील काळात संगणकाच्या सुट्या भागांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने कमी होत गेले. याच काळात मध्यमवर्गीय घरांत 'असेम्बल्ड' संगणक आला. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली येथील दुकानांतून मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, एसएमपीएस असे भाग वेगवेगळे घेऊन ते एका कॅबिनेटमध्ये जोडले जात.

या रचनेमुळे दुरुस्तीची एक विशिष्ट पद्धत रूढ झाली. संपूर्ण यंत्र न बदलता नादुरुस्त भाग तेवढाच बदलावयाचा, ही ती पद्धत होय. तारीख वारंवार मागे जाऊ लागली की मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी बदलावयाची. संगणक सुरूच होत नसेल तर प्रथम एसएमपीएस तपासावयाचा. या शतकाच्या पहिल्या दशकात अनेक मदरबोर्डवरील कपॅसिटर सदोष द्रावामुळे फुगून निकामी झाले. त्यातच ग्रामीण महाराष्ट्रातील भारनियमनाची भर पडली. वीज अचानक गेल्याने हार्ड डिस्कवरील मजकूर खराब होण्याचा धोका असे. म्हणून युपीएस ही चैनीची नव्हे, तर गरजेची वस्तू ठरली.

प्रस्तुत लेखकाचा संगणक 2005 साली जोडलेला होता. आठ वर्षांत त्याचा एसएमपीएस दोनदा व रॅम एकदा बदलली होती. शेवटी मदरबोर्ड निकामी झाला आणि त्या जातीचा मदरबोर्ड बाजारात मिळेना. नव्या मदरबोर्डला जुनी रॅम चालेना. जुन्या हार्ड डिस्कची रुंद पट्टीची आयडीई जोडणीही त्यावर नव्हती, कारण दरम्यान साटा जोडणी रूढ झाली होती. परिणामी संपूर्ण संगणकच नवा घ्यावा लागला.

लिपीचा प्रश्न :

एका छोट्या जोडयंत्राच्या साहाय्याने जुन्या हार्ड डिस्कमधील फाइली नव्या संगणकावर आणता आल्या. मात्र उघडल्यावर देवनागरीऐवजी रोमन अक्षरे व निरर्थक चिन्हे दिसू लागली. याचे कारण मराठी संगणनाच्या इतिहासात आहे. भारतीय लिपींसाठी 'इस्की' हे सांकेतिक प्रमाण 1991 साली भारतीय मानक म्हणून स्वीकारले गेले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या 1988 च्या आराखड्यावर आधारलेली होती. परंतु छपाई व टंकलेखनाच्या व्यवसायात वेगवेगळ्या कंपन्यांचे टंक रुळले होते. या टंकांत रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसविलेले असत आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी असे. टंक नसेल तर मजकूर वाचता येत नसे. विंडोज 2000 पासून देवनागरी युनिकोडची सोय झाली होती, तरीही छपाई केंद्रांच्या सोयीसाठी आपण सारे जुन्याच टंकांत लिहीत राहिलो.

जुन्या डिस्कमध्येच तो टंक सापडला व मजकूर पुन्हा दिसू लागला. नंतर परिवर्तकाच्या साहाय्याने तो युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे, रफार व पहिली वेलांटी यांत असंख्य चुका झाल्या. हस्तलिखित वह्यांवरून त्या दुरुस्त करता आल्या. एक फाइल मात्र डिस्कच्या खराब भागात असल्याने अर्धीच उघडली. ती मुलाखत वहीत न उतरविता थेट संगणकावर टंकित केली होती. दुष्काळी कामावर खडी फोडलेल्या त्या आजींचे तोपर्यंत निधन झाले होते. कामावरील हजेरी व मजुरी यांविषयीचे त्यांचे निवेदन प्रबंधात येऊ शकले नाही.

निष्कर्ष :

1) संगणकाचा भाग बदलता येतो, परंतु त्यातील मौखिक साधन एकदा नष्ट झाल्यास त्याला पर्याय नसतो.
2) यंत्र दुरुस्त होणे आणि मजकूर वाचता येणे या दोन भिन्न बाबी आहेत. मजकूर युनिकोडमध्ये ठेवणे व त्याची दुसरी प्रत स्वतंत्र ठिकाणी असणे आवश्यक आहे.
3) ई-कचऱ्याविषयीचे पहिले स्वतंत्र नियम 2012 च्या मे महिन्यापासून अमलात आले. जुना संगणक अधिकृत संकलकाकडे देणे योग्यच आहे; मात्र त्यापूर्वी हार्ड डिस्क काढून तपासली पाहिजे.
4) प्राध्यापकांच्या घरी व महाविद्यालयांच्या कपाटांत जुन्या टंकांतील प्रबंध, सर्वेक्षणे व मुलाखती फ्लॉपी आणि सीडींवर पडून असण्याची शक्यता मोठी आहे. इतिहास विभाग व ग्रंथालय यांनी मिळून त्यांची सूची करावी व त्यांचे रूपांतर हाती घ्यावे. निवेदक हयात आहेत तोवरच त्यातील चुका त्यांना विचारून दुरुस्त करता येतील.