चाळीस फुटांचं कापड

चपला बाहेर काढा आणि आत या. डोकं जरा वाकवा, चौकट ठेंगणी आहे. सोळावं शतक सरत आलंय, गाव जोगाईचं आंबे, म्हणजे बीड जिल्ह्यातलं आजचं अंबाजोगाई. तुमच्या खांद्यावर पोर्टफोलिओची मोठी काळी बॅग अजून तशीच आहे, पण इथे ती कुणाला दिसत नाही आणि तुम्हीही दिसत नाही. कला महाविद्यालयात चार वर्षं काढून, शेवटच्या वर्षाच्या डिस्प्लेच्या तोंडावर तुम्ही इथे आला आहात. बाहेरून येणारे परीक्षक प्रत्येक कामापुढे थांबून एक प्रश्न हमखास विचारतात: यामागची प्रेरणा काय? वरच्या वर्गातल्या मुलामुलींना त्या प्रश्नावर अडखळताना तुम्ही पाहिलंय. कुणी ‘निसर्ग’ म्हणतं, कुणी ‘स्त्रीमन’, आणि परीक्षक वहीत काहीतरी लिहून पुढे सरकतात.

इथे तो प्रश्न कुणी विचारत नाही. ओसरीवर कापड पसरलंय. जाडंभरडं, घरोघरी अंगावर ओढतात तसलं सुती कापड, पासोडी. मात्र तिचं दुसरं टोक इथून दिसत नाही, गुंडाळीच गुंडाळी उरली आहे. सगळी उलगडली तर लांबी सुमारे चाळीस फूट, रुंदी चार फूट. तिच्यावर वाकून लिहिणारा माणूस पन्नाशीला टेकलेला. हे संत दासोपंत. जन्म 1551 चा, नारायणपेठचा. वडील दिगंबरपंत देशपांडे, बीदरच्या सुलतानाच्या राज्यातले वतनदार. दुष्काळात वडिलांनी सरकारी कोठारं रयतेला उघडी केली, त्या पैशाच्या भरपाईसाठी या मुलाला बीदरला ओलीस ठेवलं, आणि दत्त पाडेवाराच्या, म्हणजे गावच्या सेवकाच्या, रूपात येऊन रक्कम भरून गेला, अशी कथा या भागात आजही सांगतात. पुढे ते घर सोडून निघाले आणि अखेर इथे स्थिरावले. 1615 मध्ये त्यांनी देह ठेवला तोही इथेच.

कथेपेक्षा हाताकडे बघा. तुम्ही चित्रकलेचे विद्यार्थी आहात, तुमचा हक्क हातावर आहे.

बोरूचं टोक तिरकं कापलंय, म्हणून एकाच अक्षरात रेघ जाडही होते आणि बारीकही. शाई काजळीची, बाभळीच्या डिंकात खललेली. रोज एका ढब्बू पैशाची शाई त्यांना लागे, असं लोक पुढे म्हणतील. एकट्या गीतेवरच्या ‘गीतार्णवा’त सव्वा लाख ओव्या आहेत असं मानतात, तेव्हा त्या सांगण्यावर विश्वास बसतो. पण कागदावर लिहिणं वेगळं आणि कापडावर वेगळं. कोऱ्या कापडावर शाई फुटते. म्हणून आधी खळ चढवायची, वाळवायची, मग गुळगुळीत दगडाने घोटायची. हे सगळं केल्यावरही धाग्याची वीण बोरूला अडवतेच. वळणावर टोक अडकतं, दासोपंत हात उचलतात, श्वास सोडतात, पुन्हा टेकवतात. खाडाखोड करायला जागा नाही. कॅनव्हासवर चुकलं तर तुम्ही पांढरा रंग चढवून पुन्हा काढता, इथे चुकलेलं अक्षर चाळीस फुटांच्या जन्माचं सोबती.

आणि दासोपंत जे मांडताहेत ते नुसतं लिखाण नाही. विषय पंचीकरण: पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही पाच भूतं एकमेकांत मिसळून देह आणि जग कसं होतं त्याची उकल. या शास्त्राचं गणित असं आहे की प्रत्येक स्थूल भूतात अर्धा भाग स्वतःचा आणि उरलेल्या चौघांचा एक-एक अष्टमांश. तुमच्या बोटांना हे लगेच कळतं. पॅलेटवर अर्धा भाग गेरू घेऊन त्यात इतर चार रंगांची एकेक चिमूट घातली तर गेरू गेरूच राहतो, पण मेलेला राहत नाही. पाचाला पाचाने गुणलं की पंचवीस तत्त्वं. ती नुसती ओव्यांतून सांगता येतात, तशी सांगणारे पुष्कळ झाले. दासोपंतांनी ती मांडायला घेतली: ओव्या आहेतच, शिवाय चौकटी, कोष्टकं, आकृत्या. वाचणाऱ्याने डोळ्यांनी आडवं जावं, मग उभं जावं, आणि कशातून काय निघालं ते त्याला दिसावं.

माझं मत सांगते. ही कोष्टकाची नजर वेदान्ताची नाही, ती देशपांड्यांच्या दप्तराची आहे. गावाचा वसूल, बाकी, सूट हे सगळं घरात आडव्या-उभ्या रेघांत मांडलं जात असणार, आणि ज्या मुलाचं बालपण त्याच जमाखर्चापायी ओलीस पडलं त्याने तीच मांडणी पाच भूतांसाठी वापरली. याला पुरावा नाही, पण ती गुंडाळी बघताना हा विचार माझ्या मनातून जात नाही. प्रेरणा देव देतो असं तेही म्हणाले असते. मांडायची रीत मात्र घरातून आली, आणि कापडही घरातलंच, ज्यावर माणूस निजतो आणि जे थंडीत पांघरतो.

जरा पाय मोकळे करा. बाहेर पडून जयंती नदीकडे उतरलात की हत्तीखान्याची लेणी लागतात. खडकातच कोरलेले दगडी हत्ती, अंगावरचा प्रत्येक साज छिन्नीने काढलेला. दासोपंतांच्या काळीही हे हत्ती जुनेच होते. कोरणाऱ्यांची नावं कुणी ठेवली नाहीत. इथून फार लांब नाही ते धर्मापुरीचं केदारेश्वर, कल्याणीच्या चालुक्यांच्या वेळचं, बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरी उभ्या. बीड जिल्हा म्हटला की लोकांच्या तोंडी दुष्काळ आणि ऊसतोड येते. खोटं नाही ते. पण या मातीत हात चालायचा थांबला होता असा काळ मला तरी सापडत नाही.

आता पावणेतीनशे वर्षं पुढे. 1872 सालचा हिवाळा, अजिंठा. मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेतले विद्यार्थी गुहेत शिड्या लावून चढले आहेत. शाळा 1857 ची, म्हणजे अजून कोवळीच. तिथे त्यांनी पाश्चात्त्य पुतळ्यांच्या प्लास्टरच्या नकला रेखाटून हात बसवला, आणि त्यांचे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स त्यांना इथे घेऊन आले. अंधार आहे, वटवाघळांचा वास आहे, बाहेरचा उजेड कसाबसा आत पोचतो. शिडीवरचा एकजण पेस्तनजी बोमनजी, एकविशीतला. समोर हजार-दीड हजार वर्षांपूर्वीची हाताची मुद्रा, बोटाच्या कडेने फिरलेली एकच न तुटणारी रेघ. ती उतरवायची तर आधी आपला हात विसरावा लागतो. मध्ये खंड पडत हे काम 1885 पर्यंत चाललं. त्याच वर्षी लंडनमध्ये ठेवलेल्या नकलांपैकी बऱ्याच आगीत जळाल्या. उरलेल्यांवरून 1896-97 मध्ये ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला.

पुन्हा त्याच गुहांत 1909 आणि 1910 च्या हिवाळ्यात डोकवा. या वेळी त्याच चित्रांच्या नकला करायला लेडी हेरिंगहॅम आल्या आहेत, आणि त्यांच्याबरोबर कलकत्त्याची अवनींद्रनाथांची विद्यार्थिमंडळी: नंदलाल बोस, असितकुमार हलदार. हैदराबादहून सय्यद अहमद आलेत. अजिंठा निजामाच्या राज्यात, आपलं बीडही तिथेच. कलकत्त्याहून मुलं इथे शिकायला येत होती हे लक्षात ठेवा. त्या हिवाळ्यांनी नंदलालांची रेघ बदलली. पुढे सत्तरीकडे झुकलेल्या याच माणसाने शांतिनिकेतनच्या आपल्या विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन भारताच्या संविधानाच्या हस्तलिखित प्रतीची पानं सजवली. अक्षर आणि चित्र एकाच पानावर नांदवायची ही आवड जुनी आहे. पासोडीवरही हेच चाललं होतं.

मुंबई, 1982. जे.जे.च्या उपयोजित कलेतून एक तरुण बाहेर पडतोय, अच्युत पालव. वर्गातले बहुतेकजण जाहिरात कंपन्यांच्या दारात उभे. हा मोडी लिपीतल्या कागदांमागे लागला. शिष्यवृत्ती घेऊन त्याने जुन्या मोडी लिखाणाचा अभ्यास केला आणि पुढे मोडी आणि देवनागरी यांच्या मेळातून ‘मुक्तलिपी’ उभी केली. अडगळीतलं दप्तर ज्याला इतर लोक रद्दी समजत होते, त्याच्यात याला वळण दिसलं. पदवी हातात घेतलेल्या मुलाने कुठे बघावं याचं माझ्या माहितीतलं सर्वांत चांगलं उदाहरण हेच.

आणि आता तुमचं वर्ष. छत्रपती संभाजीनगर, कला महाविद्यालयाचा हॉल. टर्पेन्टाइनचा वास, भिंतीवर खिळे, जमिनीवर मास्किंग टेप. कुणाचं रचनाचित्र अजून ओलं आहे. तुम्ही धारूरकडच्या डोंगरातले. जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकलेची एलिमेंटरी दिली, मग इंटरमिजिएट. स्मरणचित्राला जत्रा, संकल्पचित्राला फुलापानांची पट्टी. ए ग्रेड आली तेव्हा सरांनी प्रार्थनेच्या वेळी नाव पुकारलं. त्या दिवशी आईवडील गावात नव्हते. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गाव रिकामं होतं आणि तुम्ही आजीपाशी राहायचात. दोन-तीन हंगाम तुम्हीही गेलात त्यांच्याबरोबर, पश्चिम महाराष्ट्रात, कारखान्याच्या तळावर. पाचटाने शाकारलेली कोपी, पहाटे अंधारात फडात जाणं, मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवणारी आई, वाढ्यांची पेंढी विकून आलेले सुट्टे पैसे.

आणि मुकादमाची वही. तिच्यात आडव्या-उभ्या रेघा होत्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयत्यापुढे उचल किती, टन किती, खाडे किती, फिटली किती, बाकी किती. आई आजारी पडून कोपीत झोपली तो दिवसही तिथे एका चौकटीत गेला होता, खाडा म्हणून, त्याचे पैसे कापले गेले. तुम्हाला वाचता येत होतं, म्हणून वडील तुम्हाला ती वही बघून यायला सांगायचे. बाकीच्या रकान्यातला आकडा घरी येऊन सांगताना तोंड कोरडं पडायचं.

चार वर्षांत तुम्ही हे एकदाही काढलं नाहीत. ऊसतोडीची चित्रं काढलीत, सगळेच काढतात: डोक्यावर मोळी, मागे मावळता सूर्य, कोयत्याला चकाकी. बघणाऱ्याला वाईट वाटतं आणि तो पुढे जातो. मला अशा चित्रांची चीड येते ती काढणाऱ्यावर नाही, त्याला तेवढंच दाखवणाऱ्या आपल्या सगळ्यांवर. ज्याने स्वतः वही वाचली आहे त्याच्याकडून आपण सूर्यास्त का मागावा?

आता त्या ओसरीवरची चौकट आणि मुकादमाच्या वहीतली चौकट शेजारी ठेवून बघा. एका माणसाने पाच भूतांची मोजदाद अंगावरच्या कापडावर मांडली. तुमच्या घरी वाकळ आहे, आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली, तळावर दर हंगामाला नेलेली, उसाच्या कुसळांनी भरलेली. तिचे टाके आडवेच जातात, एका ओळीखाली एक, कोष्टक आधीच आखलेलं. एका हंगामाचे दिवस तिच्यावर मांडा. टन काळ्या दोऱ्याने, खाडे लाल. बाकी कोऱ्या कापडाने. सहा महिन्यांची वाकळ किती लांब होईल ते तुम्हीच मोजा. परीक्षक प्रेरणा विचारतील तेव्हा एक टोक त्यांच्या हातात द्या आणि दुसरं धरून मागे सरका.

हे मी वेगळं काही करा म्हणून सांगत नाही. शिडीवरच्या पेस्तनजीने नक्कल केली, नंदलालांनी नक्कल केली, पालवांनी जुनी वळणं गिरवली. नक्कल करायला लाज नसते. फक्त कशाची करायची हे ठरवताना आपल्या तालुक्याचं नाव आधी घ्यायला हरकत नसावी. युरोपातल्या चित्रकारांची नावं तुम्हाला घडाघडा येतात, ती यायलाच हवीत. दासोपंतांचं नाव मात्र कलेच्या वर्गात क्वचितच निघतं. ते संत म्हणून मराठीच्या पुस्तकात राहिले आणि चित्रकलेच्या हद्दीत त्यांना कुणी आणलंच नाही.

म्हणून माझी विनंती विद्यार्थ्यांना कमी आणि त्यांच्या सरांना, मॅडमना जास्त आहे. अभ्याससहल दरवर्षी निघते. अजिंठा-वेरूळ होतं, मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी होते, आणि ते झालंच पाहिजे. त्यात एक दिवस अंबाजोगाईचा घाला. बीडहून एस.टी.ने दोन-अडीच तासांत पोचता येतं. सकाळी हत्तीखान्यात स्केचिंग करा, दुपारी धर्मापुरी. दासोपंतांची पासोडी अंबाजोगाईत जपलेली आहे आणि ती श्रद्धेची वस्तू आहे, तेव्हा आधी विचारून, रीतसर परवानगी घेऊन जा, आणि मोबाइलऐवजी वहीत पेन्सिलीने टिपून घ्या. ही सहल शेवटच्या वर्षाची वाट न बघता पहिल्याच वर्षी काढा, म्हणजे मुलांच्या हाताशी पुढची तीन वर्षं उरतील.