निवात आणि निर्जंतुक : अळंबीच्या घरगुती लागवडीतील शुद्ध हवेचा पूर्वेतिहास

शिजवलेल्या गव्हाने किंवा ज्वारीने भरलेली काचेची बरणी ही सूक्ष्म जीवसृष्टीच्या दृष्टीने एक उघडे अन्नछत्रच होय. ज्या अळंबीचे बियाणे त्या बरणीत तयार करावयाचे असते, तिचे तंतू संथपणे पसरतात. बटण-अळंबीला सर्व दाणे व्यापावयास साधारणतः दोन ते तीन आठवडे लागतात. ट्रायकोडर्मा ही हिरवी बुरशी तेच अन्न थोड्या दिवसांत बळकावून बसते. म्हणून घरच्या घरी बियाणे तयार करू पाहणाऱ्यापुढे खरा प्रश्न अळंबी कशी वाढवावी हा नसून इतरांना कसे दूर ठेवावे हा असतो. या कामासाठी आज दोन साधने रूढ आहेत. एक म्हणजे पंखा व सूक्ष्म गाळणी बसविलेली पेटी. तिच्यातून गाळलेल्या हवेचा संथ, एकसारखा झोत बाहेर पडतो. दुसरे म्हणजे हात घालण्यापुरती दोन भोके पाडलेला प्लास्टिकचा पारदर्शक डबा. त्यात हवा गाळली जात नाही, ती केवळ स्थिर होऊ दिली जाते. पहिले साधन शास्त्रीय आणि दुसरे म्हणजे गरिबाची तडजोड, असा एक समज सर्वत्र आढळतो. इतिहासाचा पुरावा या समजाला अनुकूल नाही. ही दोन्ही साधने दोन स्वतंत्र परंपरांची फळे असून त्या दोहोंचा उगम एकोणिसाव्या शतकातील एकाच वादात आहे.

तो वाद होता जीव आपोआप उत्पन्न होतो की नाही याविषयीचा. १८५४ साली श्र्योडर आणि फॉन डुश या दोन जर्मन संशोधकांनी मांसाचा रस उकळून, त्या पात्रात कापसाच्या थरातून आलेली हवाच जाईल अशी योजना केली. रस नासला नाही. हवेचा मार्ग खुला होता, तिला उष्णता दिलेली नव्हती, आम्लातूनही नेलेली नव्हती. ती फक्त गाळली होती. मात्र याच पद्धतीने ठेवलेले दूध नासले आणि त्या अपयशाचा उलगडा त्यांना होऊ शकला नाही. पुढील इतिहासाच्या दृष्टीने हे अपयश यशाइतकेच महत्त्वाचे आहे.

१८६० च्या सुमारास लुई पाश्चर यांनी कापसाच्या जागी विरघळू शकणारा स्फोटक कापूस वापरला, त्यातून पॅरिसची हवा ओढून घेतली आणि मग तो कापूस मद्यार्क व ईथर यांच्या मिश्रणात विरघळवून मागे राहिलेली धूळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तीत बीजाणूंसारखे गोल कण होते. तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांचा दुसरा प्रयोग अधिक बोलका आहे. त्यांनी उकळलेल्या द्रवाचे बंद चंबू ठिकठिकाणी नेऊन उघडले आणि पुन्हा बंद केले. पॅरिसच्या वेधशाळेच्या अंगणात उघडलेले अकराच्या अकरा चंबू नासले. त्याच वेधशाळेच्या तळघरात उघडलेल्या दहांपैकी एकच नासला. तळघरातील हवा कोणी गाळली नव्हती. ती केवळ हलत नव्हती. हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या चंबूंमागचे तत्त्वही हेच होते. नळीचे तोंड उघडे असूनही धूळ वळणावर बसून राही आणि आत पोचत नसे. गाळलेली हवा आणि स्थिर हवा या दोन वाटा येथेच वेगळ्या झाल्या.

स्थिर हवेच्या वाटेला पूर्ण रूप दिले ते जॉन टिंडल या भौतिकशास्त्रज्ञाने. अंधाऱ्या खोलीतील प्रकाशशलाका दिसते ती हवेमुळे नव्हे, तर हवेतील धुळीमुळे, हे त्याला आपल्या प्रकाशविषयक प्रयोगांतून ठाऊक होते. त्याने समोर काच व दोन्ही बाजूंना झरोके असलेली लाकडी पेटी करवून घेतली, तिच्या आतल्या बाजूंना ग्लिसरिनचा लेप दिला आणि ती काही दिवस न हलविता ठेवली. धूळ खाली बसली व लेपाला चिकटली. झरोक्यातून सोडलेला प्रकाश आत दिसेनासा झाला. मग वरून नळीद्वारे परीक्षानळ्यांत मांसाचे व भाज्यांचे रस भरून ते उकळले. नळ्यांची तोंडे पेटीतल्या हवेला उघडी असूनही रस स्वच्छ राहिले. १८७६ च्या जानेवारीत हे निष्कर्ष लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आले. आजच्या घरगुती डब्याची ही पूर्वज-पेटी होय.

परंतु त्याच वर्षी टिंडलच्या प्रयोगशाळेत वाळलेले गवत आले आणि पूर्वी यशस्वी झालेले प्रयोग फसू लागले. दोष हवेचा असावा असे प्रथम वाटणे स्वाभाविक होते. वस्तुतः त्या गवतावर उकळत्या पाण्यालाही न जुमानणारे जिवाणूंचे बीजाणू होते. फर्डिनंड कोन यांनी १८७६ मध्येच अशा बीजाणूंचे वर्णन केले होते. १८७७ मध्ये टिंडलने त्यावर तोड काढली. द्रव एकदा तापवावयाचा, बीजाणूंना अंकुरण्यास अवधी द्यावयाचा आणि कोवळ्या अवस्थेत त्यांना पुन्हा तापवावयाचे. असे अनेक वेळा करावयाचे. श्र्योडरचे दूध का नासले, याचाही उलगडा यातच आहे. बियाण्यासाठी धान्य रात्रभर भिजत घालण्याची जी रीत आहे, तिच्या समर्थनार्थ हेच तत्त्व सांगितले जाते. एवढ्यावर न थांबता धान्य दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअस तापमानाला ठेवतात. बरणीतील दाणे चिकट होऊन आंबूस वास सुटला, तर तो बहुधा हवेतून आलेल्या पाहुण्याचा नव्हे, तर आतच जगून राहिलेल्या रहिवाशाचा प्रताप असतो. अशा वेळी हवेची गाळणी बदलणे हे टिंडलच्या पहिल्या चुकीची पुनरावृत्ती करण्यासारखे आहे.

हे ज्ञान अळंबीपर्यंत पोचावयास मात्र आणखी दोन दशके जावी लागली. पॅरिसच्या परिसरातील जुन्या दगडखाणींत घोड्याच्या लिदीच्या वाफ्यांवर अळंबीची लागवड होत असे. तिचे बियाणे म्हणजे कवकजालाने व्यापलेले लिदीचेच तुकडे. एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात अळंबीबरोबर तिचे रोगही जात. ज्यूलियन कॉस्टांटॅं आणि लुई मात्र्युशो यांनी १८९३-९४ च्या सुमारास निर्जंतुक माध्यमावर बीजाणूंपासून शुद्ध बियाणे तयार केले. परंतु या पद्धतीचा तपशील सर्वांसाठी खुला झाला नाही. जे बाहेर आले ते विक्रीचे बियाणे, विद्या नव्हे. ही कोंडी अमेरिकेत फुटली. मार्गारेट फर्ग्युसन यांनी १९०२ मध्ये बीजाणूंच्या अंकुरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि बेंजामिन डग्गर यांनी १९०५ मध्ये त्या देशाच्या कृषिखात्याच्या पत्रिकेत याहूनही सोपी रीत मांडली. कोवळी अळंबी फोडावयाची आणि तिच्या आतील गराचा कण पोषक माध्यमावर ठेवावयाचा. या रीतीचे मर्म असे की, अळंबीचा बाह्य भाग कितीही मळलेला असला तरी निरोगी गर आतून बहुधा शुद्धच असतो; निसर्गानेच ते पात्र बंद करून ठेवलेले असते. छापील पत्रिका कोणालाही वाचता येत होती. घरगुती लागवडीचा इतिहास खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो असे म्हणावयास हरकत नाही. पुढे १९३२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील जेम्स सिंडेन यांनी धान्यावर बियाणे वाढविण्याच्या पद्धतीचे एकस्व मिळविले आणि लिदीच्या तुकड्यांची जागा दाण्यांनी घेतली. दाणे हलवून मिसळता येत, प्रत्येक दाणा नव्या वाढीचे केंद्र बने. पण लिदीपेक्षा धान्य परक्या बुरशीलाही अधिक प्रिय होते. त्यामुळे हवेचा प्रश्न अधिकच तीव्र झाला.

गाळणीची वाट या काळात वेगळ्याच क्षेत्रातून पुढे सरकत होती. दुसऱ्या महायुद्धात विषारी धुरापासून बचाव करण्यासाठी तंतुमय कागदाच्या गाळण्या विकसित झाल्या आणि अणुबाँबच्या प्रकल्पात किरणोत्सर्गी कण अडविण्यासाठी त्यांचा उपयोग झाला. यांनाच पुढे ‘हेपा’ हे नाव मिळाले. ०.३ मायक्रोमीटर आकाराचे किमान ९९.९७ टक्के कण अडविणे ही त्यांची कसोटी होय. हा आकार सर्वांत लहान म्हणून निवडलेला नाही, तो सर्वांत अवघड म्हणून निवडलेला आहे. याहून मोठे कण तंतूंवर आदळून अडकतात, तर याहून लहान कण सैरावैरा हालचालींमुळे तंतूंना जाऊन चिकटतात. बुरशीचे बहुतेक बीजाणू यापेक्षा कितीतरी मोठे, साधारणतः काही मायक्रोमीटरचे असतात. न्यू मेक्सिकोतील सँडिया प्रयोगशाळेत विलिस व्हिटफील्ड यांनी १९६० ते १९६२ या काळात गाळलेली हवा एकाच दिशेने, भोवरे न करता वाहील अशी खोली सिद्ध केली. तिचा हेतू यंत्रांचे सूक्ष्म भाग धुळीपासून वाचविणे हा होता. पॉल स्टॅमेट्स आणि चिल्टन यांच्या १९८३ च्या लागवड-ग्रंथाने घरगुती प्रयोगशाळेची आखणी सामान्य वाचकापुढे ठेवली, तेव्हा अणुयुगाची ही गाळणी अळंबीच्या कामाला लागली.

आता दोन्ही साधनांची तुलना अंकांनी करता येते. ३ मायक्रोमीटर व्यासाचा बीजाणू स्थिर हवेत सेकंदाला सुमारे ०.३ मिलिमीटर, म्हणजे तासाला साधारण एक मीटर, या गतीने खाली येतो. ४० सेंटिमीटर उंचीच्या डब्यात तो अर्ध्या तासाच्या आत तळाशी बसतो. झोताच्या पेटीतील हवा सेकंदाला सुमारे ४५ सेंटिमीटर वाहते, म्हणजे बीजाणूच्या पतनगतीच्या दीड हजार पट; तेथे त्याला खाली बसण्याची संधीच मिळत नाही, तो बाहेर ढकलला जातो. एक साधन गुरुत्वाकर्षणावर विसंबते, दुसरे प्रवाहावर. म्हणून दोहोंचे नियमही परस्परविरुद्ध आहेत. डब्यात हात संथपणे हलवावे लागतात आणि त्यात दिवा पेटविणे अयोग्य ठरते. ज्योतीने हवा वर उसळते, शिवाय फवारलेल्या मद्यार्काची वाफ पेट घेण्याचे भय असते. झोतासमोर काम करताना हात नेहमी पात्राच्या पलीकडे, वाऱ्याच्या उतरत्या बाजूस असावे लागतात. हे नियम मोडले तर महागडी गाळणीही व्यर्थ आणि पाळले तर साधा डबाही समर्थ.

मराठीत या सर्व क्रियांना ‘निर्जंतुक करणे’ हा एकच शब्द लावला जातो, आणि येथे प्रश्न केवळ परिभाषेचा उरत नाही. महाराष्ट्रात घरोघरी होणारी लागवड मुख्यतः धिंगरी अळंबीची असून ती तयार बियाणे आणून भाताच्या किंवा गव्हाच्या काडावर केली जाते. काड गरम पाण्यात बुडवितात त्यालाही ‘निर्जंतुकीकरण’ म्हणतात. पण तेथे सर्व जंतू मरत नाहीत आणि मरू नयेत हेच इष्ट असते. उरलेले उष्णतासह जिवाणू परक्या बुरशीला अटकाव करतात व धिंगरी त्यांच्यातून जोमाने वाढते. हा शब्द खरा मानून कोणी काड पूर्णपणे निर्जंतुक केले आणि ते उघड्या खोलीत भरले, तर त्याने बुरशीसाठी निर्वेध मैदानच मोकळे केले असे होईल. उलट, काडाची ही सौम्य रीत धान्याला लावली तर बरणी आंबल्यावाचून राहत नाही. जंतू मारणे, जंतू गाळणे, जंतूंना खाली बसू देणे आणि जंतूंपैकी काहींनाच राखणे या चार भिन्न क्रिया आहेत. ज्या स्थळी वारा नाही त्याला संस्कृतात ‘निवात’ असा नेमका शब्द आहे. पाश्चरचे तळघर, टिंडलची पेटी आणि घरातला प्लास्टिकचा डबा ही तिन्ही निवात स्थळे होत, निर्जंतुक नव्हेत. निर्जंतुक असावयास हवे ते बरणीतले धान्य.

बियाण्याच्या बाटलीच्या तोंडाशी आजही न शोषणाऱ्या कापसाचा बोळा असतो. तो कोरडा असेतोवर हवा आत जाते आणि बीजाणू बाहेर राहतात. तो भिजला की बुरशी त्यातूनच वाट काढते. १८५४ मधील त्या कापसाच्या थराचे काम हा बोळा आजही करीत आहे. पॅरिसमध्ये जी विद्या एकेकाळी विक्रीच्या बियाण्याआड राहिली होती, ती आता कापूस, दाबाचे भांडे आणि एक डबा एवढ्या सामग्रीनिशी कोणाच्याही स्वयंपाकघरात पडताळून पाहता येते. मात्र त्यासाठी कोणते साधन कोणत्या शत्रूला आवरते, हे आधी जाणून घेतले पाहिजे.